कातडीपासून हाडापर्यंत

मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेआधी कंबरेचा एमआरआय काढतात. फिल्म उजेडासमोर धरली की पेशंटचं, नातेवाइकांचं आणि बहुतेकदा डॉक्टरांचंही बोट एकाच भागाकडे जातं: दोन मणक्यांमधली काळी पडलेली चकती, पुढे सरकलेला मणका, चिमटीत सापडलेली नस. त्याच चित्रात पाठीकडच्या बाजूला, कातडीच्या लगेच आत, वरपासून खालपर्यंत एक पांढरा पट्टा असतो. ती चरबी. कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याशी हा पट्टा कुणाचा दोन सेंटिमीटर जाड असतो, कुणाचा सहा-सात. या शस्त्रक्रियेत लठ्ठपणा किती नडेल, विशेषतः जखम कशी भरेल, याचा अंदाज वजनकाट्यापेक्षा या पट्ट्यावरून जास्त नेमका येतो. तरी ओपीडीत बोलणं होतं ते फक्त किलोंचं.

बीएमआय काढायला सोपा आहे. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. १६८ सेंटिमीटर उंची आणि ९६ किलो वजन म्हणजे ३४. बीएमआय ३० किंवा जास्त म्हणजे लठ्ठपणा, ४० किंवा जास्त म्हणजे तीव्र लठ्ठपणा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची आखणी आहे. पण चरबी कुठे साठली आहे, ते हा आकडा सांगत नाही. ३४ बीएमआयच्या एका माणसाचं पोट पुढे आलेलं असतं आणि कंबर मागून जवळजवळ सपाट असते. दुसऱ्याची चरबी नितंबांवर आणि कंबरेच्या मागच्या बाजूला बसलेली असते. ढोबळमानाने पहिल्याचा धोका ऑपरेशनच्या टेबलावर, भुलेत असताना. दुसऱ्याचा धोका दोन-तीन आठवड्यांनी, जखमेत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कातडीपासून मणक्याच्या मागच्या हाडापर्यंतचं अंतर आणि तिथल्या चरबीची जाडी मोजली, तेव्हा जंतुसंसर्गाशी त्यांचा थेट संबंध दिसला. ही मोजमापं एमआरआयवर दोन मिनिटांत होतात. ती केसपेपरवर बीएमआयशेजारी लिहिली जावीत, असं आमचं ठाम मत आहे.

आधी फ्युजन, म्हणजे ही मणके जोडण्याची शस्त्रक्रिया, काय असते ते नीट पाहू, कारण भीती बऱ्याचदा चुकीच्या जागी असते. दोन मणक्यांत चार स्क्रू बसवतात, त्यांना दोन रॉडनी जखडतात, चकती काढून तिच्या जागी केज, म्हणजे एक पोकळ ठोकळा, ठेवतात. ही सगळी परांची. खरं काम हाडाच्या चुऱ्याचं. मणक्यांचा वरचा कठीण थर खरवडून रक्त येईल असा केला जातो आणि त्यावर तो चुरा अंथरला जातो. झाडावर कलम बांधतात तसंच हे. बांधलेलं कलम जीव धरेपर्यंत दोरी घट्ट राहायला हवी, पण दोरी म्हणजे कलम नव्हे. हाड धरायला सहा महिने ते वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. धरलंच नाही तर वारंवार वाकवलेली तार तुटते तसा रॉड तुटतो, किंवा स्क्रू हाडात सैल होतो.

"एवढ्या वजनाने स्क्रू मोडतील का?" हा पेशंटचा पहिला प्रश्न असतो. अनेक अभ्यासांत हाड धरण्याचं प्रमाण जाड आणि बारीक माणसांमध्ये जवळपास सारखंच निघालं आहे. कलम जगणं न जगणं तंबाखूवर, अनियंत्रित साखरेवर, ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेवर आणि हाडाच्या ठिसूळपणावर जास्त अवलंबून असतं. निकोटीन हाडात नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही. सिगारेट, तंबाखू, मिश्री, सगळं त्यात आलं. शस्त्रक्रियेच्या किमान चार ते सहा आठवडे आधी ते सुटायला हवं आणि हाड धरेपर्यंत पुन्हा सुरू होता कामा नये. दहा किलो कमी करण्यापेक्षा हे एक काम कलमाला जास्त उपयोगी पडतं.

मग वजन नडतं कुठे? आधी पालथं झोपवण्यात.

कंबरेच्या फ्युजनसाठी पेशंटला बहुतेकदा पालथं ठेवतात. छातीखाली गादी, कटीच्या हाडांच्या पुढच्या टोकांखाली गाद्या, मांड्यांना आधार आणि मध्ये पोट अधांतरी. पोट लोंबकळतं राहावं यासाठीच टेबलाचा मधला भाग रिकामा असतो. पोट दाबलं गेलं की पायांकडून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर दबते आणि रक्त आडवाट धरतं. मणक्यांच्या आत-बाहेर शिरांचं एक जाळं असतं. त्यांना झडपा नसतात, म्हणून रक्त कुठल्याही दिशेने वाहू शकतं. ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये या जाळ्याचं सविस्तर वर्णन केलं. पोटावरचा दाब वाढला की सर्जन जिथे काम करतो तिथल्याच शिरा टरारून फुगतात. मग रक्तस्राव वाढतो, दिसणं कमी होतं, वेळ लांबतो. मोठं पोट कधीकधी चौकटीतून खाली टेबलाच्या दांडीला टेकतं. म्हणून पालथं केल्यावर, कातडीला पट्टी लावण्याआधी, कुणीतरी खाली वाकून पोटाखालून हात फिरवायलाच हवा. ते अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि ते चुकलं तर पुढचे चार तास जड जातात.

छातीवर स्वतःचंच वजन आलेलं असल्यामुळे फुप्फुसात हवा ढकलायला यंत्राला जास्त दाब द्यावा लागतो. कोपर, खांदा, मांडीची बाहेरची बाजू इथल्या नसा दबतात. शस्त्रक्रियेनंतर मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा आणि जळजळ जाणवते ती बहुतेकदा कटीखालच्या गादीमुळे, आणि काही आठवड्यांत ओसरते. हे आधी सांगून ठेवलं तर पेशंट "स्क्रू नसेला लागला" या धास्तीत महिना काढत नाही. सगळ्यांत गंभीर आणि सुदैवाने दुर्मीळ गुंतागुंत डोळ्यांची. पालथ्या अवस्थेतल्या लांब शस्त्रक्रियेनंतर दृष्टी गेलेल्या पेशंटांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भुलेचा लांबलेला वेळ, जास्त रक्तस्राव आणि डोकं हृदयापेक्षा खाली नेणारी विल्सन चौकट यांच्या जोडीला लठ्ठपणाही स्वतंत्र कारण म्हणून पुढे आला. म्हणून डोकं हृदयाच्या पातळीत किंवा किंचित वर ठेवणं, रक्तदाब फार खाली जाऊ न देणं, आणि काम फार लांबणार असेल तर ते दोन टप्प्यांत करण्याचा विचार आधीच झालेला असणं महत्त्वाचं.

आता जखम. हाडापर्यंत जायला दहा सेंटिमीटर खोल विहीर खणावी लागते तेव्हा विहिरीचं तोंडही रुंद करावं लागतं. पाचव्या मणक्याचे स्क्रू बाहेरून आत तिरके जातात. त्या कोनासाठी हत्याराची मूठ बाहेरच्या बाजूला झुकवावी लागते, पण जाड चरबी आणि स्नायू मुठीला उलट ढकलतात. मग चीर लांबवावी लागते, किंवा बाजूने वेगळी छोटी चीर घ्यावी लागते. एक्स-रेचं चित्रही जाड शरीरातून दाणेदार, धुरकट येतं. किरणांची मात्रा वाढवावी लागते आणि मणका मोजताना चुकण्याची शक्यताही वाढते. नळीतून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेचा इथे खरा फायदा आहे. कातडी कितीही खोल असली तरी नळीची रुंदी तीच राहते. लांबी तेवढी जास्त लागते, म्हणून लांब नळ्या आणि लांब हत्यारं आहेत ना, हे आदल्या दिवशी पाहून ठेवायचं.

चरबीला रक्तपुरवठा मुळात कमी. स्नायू बाजूला धरून ठेवणारे रिट्रॅक्टर तिच्यावर दोन-तीन तास दाबून बसले की तिचा काही भाग मरतो. मेलेली चरबी वितळते आणि जखमेतून तेलकट पाणी झिरपतं. शिवाय टाके घालताना थरांमध्ये पोकळी राहिली तर तिथे रक्त-पाणी साठतं आणि जंतूंना आयतं घर मिळतं. ठरावीक वेळाने रिट्रॅक्टर सैल करणं, भरपूर सलाइनने जखम धुणं, मेलेले तुकडे काढून टाकणं, चरबीचा थर वेगळा शिवून पोकळी मिटवणं ही कामं कंटाळवाणी असतात आणि दिवसाच्या शेवटी सगळे थकलेले असताना करायची असतात. जखमेचं भवितव्य बरंचसं त्याच वीस मिनिटांत ठरतं.

अँटिबायोटिकचा डोस ही आणखी एक बारीक पण निर्णायक गोष्ट. सेफाझोलिन चीर देण्याआधीच्या साठ मिनिटांत शिरेतून द्यायचं, सर्वसाधारणपणे २ ग्रॅम. वजन १२० किलो किंवा त्याहून जास्त असेल तर ३ ग्रॅम. काम चार तासांपुढे गेलं तर पुन्हा एक डोस. डोस किती, हे केसपेपरवरच्या वजनावर ठरतं. संकोचाने आठ-दहा किलो कमी सांगितलेलं वजन किंवा नर्सने अंदाजाने लिहिलेला आकडा इथे घात करतो. दाखल झालात की काट्यावर उभं राहून खरं वजन लिहून घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही. भुलेची औषधं, रक्त पातळ ठेवण्याची इंजेक्शनं, टेबलाची क्षमता, सगळं त्याच आकड्यावर बेतलेलं असतं.

साखरेबद्दल थोडक्यात. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी साडेसात-आठच्या वर असेल आणि शस्त्रक्रिया थांबू शकत असेल, तर थांबावं. जास्त साखरेत पांढऱ्या पेशी जंतू नीट मारू शकत नाहीत. ऑपरेशनच्या दिवशी आणि नंतर साखर १८० च्या आत ठेवायचा प्रयत्न असतो, आधी मधुमेह नसलेल्यांचीसुद्धा, कारण शस्त्रक्रियेच्या ताणाने ती चढते.

झोपेत श्वास अडकण्याचा आजार लठ्ठ माणसांत बऱ्याचदा निदानाविना राहतो. आठ प्रश्नांची एक सोपी चाचणी आहे. जोरात घोरणं, दिवसा थकवा, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलेला, रक्तदाब, बीएमआय ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मानेचा घेर ४० सेंटिमीटरहून जास्त आणि पुरुष असणं. तीन उत्तरं 'हो' असतील तर भूलतज्ज्ञाला कळायलाच हवं. पाच किंवा जास्त असतील तर धोका मोठा. फ्युजननंतरच्या पहिल्या रात्री वेदनेसाठी मॉर्फिनच्या जातीची औषधं लागतात, आणि तीच श्वास मंदावतात. घरी सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देणारं यंत्र, वापरत असाल तर ते मास्कसकट बॅगेत भरा.

वजन उतरवण्याची आठवड्याची इंजेक्शनं घेणाऱ्यांची संख्या आता वाढली आहे. सेमाग्लुटाइडसारखी ही औषधं जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतात. उपाशी असूनही पोटात अन्न राहू शकतं आणि भूल देताना ते फुप्फुसात जाऊ शकतं. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने जून २०२३ मध्ये आठवडाभर आधी औषध थांबवायला सांगितलं होतं. ऑक्टोबर २०२४ च्या संयुक्त सूचनेत हा नियम सैल झाला. बहुतेकांना औषध चालू ठेवता येतं, पण डोस वाढवण्याच्या काळात असलेल्यांना किंवा मळमळ, पोट फुगणं असा त्रास असलेल्यांना जास्त जपावं लागतं आणि आदले चोवीस तास फक्त द्रव आहार देता येतो. स्वतःहून बंद करू नका. मात्र घेत असल्याचं लपवूही नका.

आणि आता ते वाक्य, जे ऐकून कितीतरी माणसं दवाखान्यातून खाली मान घालून बाहेर पडतात: "आधी वीस किलो कमी करा, मग या." ज्याला दोनशे पावलांवर पाय जड होऊन बसावं लागतं, त्याला चालून वजन उतरवायला सांगणं म्हणजे बांधलेल्या बैलाला शेत नांगरायला सांगणं. अमेरिकेतल्या स्पोर्ट या मोठ्या अभ्यासात मणका सरकलेल्या लठ्ठ पेशंटांमध्ये संसर्ग जास्त दिसला आणि चार वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचं प्रमाण साधारण दुप्पट निघालं. पण त्याच अभ्यासात शस्त्रक्रियेविना राहिलेले लठ्ठ पेशंट आणखी वाईट अवस्थेत होते. म्हणजे धोका जास्त असूनही शस्त्रक्रियेचा फायदा त्यांना मिळाला. जास्त वजन हे तयारी जास्त करण्याचं कारण आहे. निव्वळ वजनावरून नकार देण्याला त्यातून आधार मिळत नाही.

तयारीला तीन ते सहा महिने मिळत असतील तर मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के हे पेलण्याजोगं लक्ष्य आहे. ९६ किलोंच्या माणसाला पाच ते साडेनऊ किलो. शेवटच्या महिन्यात उपाशी राहून उतरवलेले किलो मात्र उलटे पडतात. त्यात स्नायू जातात आणि जखम भरायला लागणारी प्रथिनंही जातात. जाड माणूस कुपोषित असू शकतो, यावर लोकांचा विश्वास बसत नाही. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन दर डेसिलिटरला ३.५ ग्रॅमच्या खाली असेल तर जखम चिघळण्याचा धोका वाढतो, वजन काहीही असो. ड जीवनसत्त्व चरबीत अडकून पडतं, म्हणून लठ्ठ माणसात ते रक्तात अनेकदा कमी सापडतं. त्यामुळे भात-पोळी कमी करताना प्रथिनं मुद्दाम वाढवायची, पाण्यात चालण्यासारखा पाठीवर भार न येणारा व्यायाम धरायचा आणि मूत्रपिंडं चांगली आहेत ना ते आधी पाहायचं.

काही लक्षणांत मात्र तयारीसाठी थांबायला सवड नसते. लघवी अडली, शौचाची जाणीव गेली, मांड्यांच्या मधल्या जागेत बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर बीएमआयची चर्चा तिथेच संपते. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

घरी आल्यावर खरी परीक्षा जखमेची. कंबरेच्या खालच्या भागात कातडीची घडी पडते, टाके नेमके त्या घडीत येतात आणि तिथे घाम साचतो. डॉक्टरांनी पाणी लावायला परवानगी दिल्यावरही आंघोळीनंतर मऊ स्वच्छ कापडाने नुसतं टिपायचं, चोळायचं नाही. पेशंटला स्वतःची कंबर दिसत नाही, म्हणून घरातल्या कुणीतरी रोज त्याच उजेडात, तितक्याच अंतरावरून मोबाइलवर फोटो काढावा. आठ फोटो शेजारी ठेवले की लाली वाढते आहे की ओसरते आहे ते कळतं. पहिले दोन-तीन दिवस गुलाबी पाणी आलं तर चालतं. पण कोरडी झालेली जखम आठव्या-दहाव्या दिवशी पुन्हा ओली झाली, किंवा उतरत आलेली वेदना तिसऱ्या आठवड्यात उलट चढायला लागली, तर ताप नसला तरी सर्जनला त्याच दिवशी दाखवायचं. जंतू धातूवर चिकट थर धरतात आणि त्या थरात औषध पोहोचत नाही. लवकर जखम उघडून धुतली तर स्क्रू बहुतेकदा वाचतात. महिनाभर नुसत्या गोळ्या खात बसलं तर काढावे लागू शकतात. शरीरातला दाह दाखवणारी सीआरपी ही रक्ततपासणी शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवसांत शिखर गाठून साधारण दोन आठवड्यांत उतरते. लठ्ठ शरीरात ती मुळातच थोडी चढलेली असू शकते, म्हणून शस्त्रक्रियेआधीचा आकडा हाताशी असला तर नंतरचा अर्थ नीट लागतो.

उठताना ओंडक्यासारखं कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी हातांनी धड वर रेटायचं. पलंग आणि कमोड एवढा उंच हवा की बसल्यावर गुडघे नितंबांच्या किंचित खाली राहतील. शौचानंतर स्वच्छता करताना कंबर पिळवटते. ही अडचण कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. लांब दांड्याचं साधन किंवा पाण्याचा फवारा आधीच बसवून घ्या. कंबरेला बांधायच्या पट्ट्याचा फार भरवसा नको. जाड थरावरून तो मणक्याला धरून ठेवू शकत नाही, वाकू नये याची आठवण तेवढी देतो. चालणं मात्र दुसऱ्या दिवसापासून, एकदम अर्धा तास नको, पाच-पाच मिनिटं दिवसातून सहा वेळा. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका लठ्ठ माणसाला जास्त असतो, आणि रक्त पातळ करणारं औषध मणक्यांच्या शस्त्रक्रियेनंतर जपून द्यावं लागतं, कारण आत रक्त साठून नस दबू शकते. म्हणून पोटऱ्यांना बांधून त्या आलटून-पालटून दाबणाऱ्या पंपांचं आणि चालण्याचं मोल इथे औषधाइतकंच. एकच पोटरी सुजली किंवा अचानक धाप लागली तर वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठायचं.

"पाठ बरी झाली की चालेन, आणि वजन आपोआप उतरेल." ही आशा फार गोड आहे. पण फ्युजननंतर पेशंटांची वजनं मोजली गेली तेव्हा, वेदना कमी होऊनही, बहुतेकांची जिथल्या तिथेच राहिली होती. हलक्या पाठीने माणूस हिंडतो-फिरतो, पण ताटातलं गणित बदललेलं नसतं.

ते बदलायला हवं यामागचं कारण यांत्रिक आहे. पाठीचे स्नायू चकतीच्या मध्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटर मागे असतात आणि पोटाचं ओझं वीस सेंटिमीटर पुढे. पोटावरचे दहा किलो तोलायला मागून चाळीस किलोंची ओढ लागते, म्हणजे चकतीवर ढोबळ हिशेबाने पन्नास किलो, नुसतं उभं राहिल्यावर. १९९९ मध्ये ७० किलोंच्या एका माणसाच्या चकतीत सुईसारखं उपकरण घालून दाब मोजला गेला. आडवं असताना ०.१ मेगापास्कल, उभं असताना ०.५ आणि पाठ वाकवून २० किलोंचा क्रेट उचलताना २.३. एल४-एल५, म्हणजे कंबरेचा चौथा आणि पाचवा मणका, जोडला गेला की तिथली हालचाल थांबते आणि तिचा वाटा वरच्या एल३-एल४ वर पडतो. पुढच्या वर्षांत झिजते ती बहुतेकदा हीच चकती, आणि जास्त वजन असलेल्यांत ही झीज अधिक आढळली आहे.

म्हणून आहारतज्ज्ञाची तारीख सर्जनच्या सहा आठवड्यांच्या तपासणीबरोबरच, त्याच दिवशी घ्यावी. तोवर टाके भरलेले असतात, वेदनेच्या गोळ्या उतरणीला लागलेल्या असतात आणि पेशंट रोज थोडं चालत असतो. त्या दिवशी एक्स-रेत हाड धरल्याची खूण अजून दिसत नाही. स्क्रू जागेवर आहेत एवढंच दिसतं.